वाचकांचे प्रश्न : रेशनचं धान्य, इष्टांक आणि खात्यावरचे पैसे

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं : रेशनवरचं मोफत धान्य असंच चालू राहावं का, त्याऐवजी खात्यावर पैसे द्यावेत का, आणि नावं गाळण्याची मोहीम बरोबर आहे का? आलेल्या पत्रांत मतं होती, तशी अडलेली कामंही होती. दोन्ही इथे एकत्रच घेतली आहेत, कारण ज्याचं नावच यादीत नाही त्याच्यासाठी धान्य की पैसे हा वाद अजून सुरूच झालेला नाही.

प्रश्न : आमचं केशरी कार्ड आहे, ऑनलाइन बारा अंकी नंबरही आहे. उत्पन्नाचा दाखला ४०,००० रुपयांचा. तरी धान्य मिळत नाही. पुरवठा शाखेत गेलं की "इष्टांक संपलाय" एवढंच सांगतात. शेजारी स्लॅबचं घर आणि दारात बुलेट, त्यांना मात्र दर महिन्याला धान्य. हा इष्टांक म्हणजे नेमकं काय?
(वाचक, हातकणंगले तालुका)

उत्तर : इष्टांक म्हणजे तुमच्या तालुक्यात जास्तीत जास्त किती माणसांना धान्य द्यायचं याचा वरून ठरलेला आकडा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. राज्याच्या वाट्याला ७ कोटी १७ हजार माणसं आली : ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के आणि शहरी भागातली ४५.३४ टक्के. हे टक्के २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येला लावून तो आकडा काढलेला आहे. राज्याचा आकडा जिल्ह्यांत वाटला गेला, जिल्ह्याचा तालुक्यांत. मोजणी कार्डांची नसते, माणसांची असते. पुरवठा शाखेच्या भाषेत युनिटची. तालुक्याची युनिटं भरली की तुमचे कागद कितीही चोख असले तरी संगणकावर तुमचं नाव 'प्राधान्य कुटुंब' गटात चढत नाही. केशरी कार्ड हा कागद आहे, धान्याची पात्रता ही वेगळी नोंद आहे. ही गफलत फार जणांची होते.

जागा रिकामी होते ती कुणी वारलं, लग्न होऊन गेलं, गाव सोडलं, स्वतःहून बाहेर पडलं किंवा तपासणीत अपात्र ठरलं तर. म्हणून नुसता हेलपाटा घालून उपयोग नाही. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्न दाखला, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आणि कुटुंबप्रमुख स्त्रीच्या बँक पासबुकाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या. अर्जात "प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश करावा" हेच शब्द असू द्या. "धान्य सुरू करावे" असं मोघम लिहिलेला अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे जागा निघाली तर आधी कुणाचा अर्ज, हे त्या तारखेवरून ठरायला हवं.

काही महिन्यांत हालचाल झाली नाही तर माहितीच्या अधिकारात चारच गोष्टी मागा : तालुक्याचा मंजूर इष्टांक, आज भरलेली युनिटं, गेल्या बारा महिन्यांत कमी केलेली युनिटं, आणि त्यांच्या जागी घेतलेल्या अर्जांच्या तारखा. या चार आकड्यांत सगळं दिसतं. मयतांची नावं वर्षानुवर्षं यादीत राहतात. ग्रामसभेत यादी वाचून दाखवायला लावली तर ती निघतात, आणि तेवढी युनिटं मोकळी होतात. यावरही दाद मिळाली नाही तर कायद्यानं जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे.

शेजाऱ्यांबद्दल : दुचाकी हा अपात्रतेचा निकष नाही. उत्पन्न मर्यादा मात्र आहे, आणि खरी अडचण तीच आहे. ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. शहरातली मर्यादा महिन्यावर आणली तर ४,९१७ रुपये होतात. इचलकरंजीत माग चालवणाऱ्या कामगाराचं कुटुंब, खोलीभाडं देऊन, एवढ्यात महिना काढू शकत नाही. म्हणजे मर्यादा काटेकोर लावली तर खरे गरीबही बाहेर जातात आणि न लावली तर कुणालाही आत घेता येतं. अशा यादीत कोण राहणार हे गरजेवर ठरत नाही; २०१४ मध्ये कोणाचं नाव आधी चढलं यावर ठरतं. आमच्या मते सुधारणेची पहिली पायरी इथे आहे : उत्पन्न मर्यादा आजच्या मजुरीला धरून वाढवणं, आणि नव्या जनगणनेचे आकडे येताच इष्टांक नव्यानं ठरवणं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची आहे. तोवर जन्मलेली आणि स्थलांतर करून आलेली माणसं जुन्या आकड्यात बसवली जात आहेत.

प्रश्न : आम्हाला अपात्रतेची नोटीस आली. कारण लिहिलंय 'कंपनी संचालक'. माझे वडील दीड एकराचे शेतकरी.
(वाचक, पन्हाळा तालुका)

उत्तर : २०२५ मध्ये केंद्रानं प्राप्तिकर, चारचाकी वाहनं आणि कंपनी संचालक यांच्या नोंदी रेशन कार्डांशी जुळवून याद्या राज्यांकडे पडताळणीला पाठवल्या. कल्पना रास्त आहे, जुळवणी मात्र आंधळी असते. वडील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळात आहेत का ते आधी पाहा. कायद्यानं ती कंपनीच, त्यामुळे दीड एकरवाला शेतकरीही नोंदीत 'संचालक' दिसतो. मग त्या कंपनीचं पत्र घ्या : मानधन किती, नफ्यातला वाटा किती, शून्य असेल तर शून्य. सोबत सातबारा, ८-अ आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला.

याच धर्तीच्या आणखी दोन चुका होतात. कर्जासाठी विवरणपत्र भरलं म्हणून 'करदाता' ठरवलं जातं. विवरणपत्र भरणं वेगळं, कर भरणं वेगळं. कर शून्य असल्याची पोचपावती जोडा. दुसरी चूक, पोटापाण्यासाठी घेतलेला जुना टेम्पो किंवा विकून टाकलेली पण नावावरून न उतरलेली गाडी. गाडी विकली असेल तर आरटीओत हस्तांतर पूर्ण करा, नाहीतर हा त्रास परत येणार. उत्तर नोटिशीतल्या मुदतीत, लेखी आणि पोच घेऊनच. तोंडी खुलासा फाइलला लागत नाही.

प्रश्न : फुकट धान्यामुळे गावात भांगलणीला माणूस मिळेना. माणसं आळशी झाली. हे बंद व्हायला नको का?
(शेतकरी वाचक, कागल तालुका)

उत्तर : हिशेब करून पाहू. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम धान्य मिळतं. त्यातून पावणेसहाशे कॅलरीच्या आसपास मिळतात. रानात दिवसभर राबणाऱ्याला याच्या कितीतरी पट लागतं. तेल, डाळ, मीठ, गॅस, औषध, पोरांची फी यांतलं काहीच त्यात नाही. पाच जणांच्या घराला २५ किलो मिळालं तर बाजारभावानं ते साधारण ९०० रुपयांचं होतं. दोन-तीन दिवसांची मजुरी वाचली म्हणून कुणी महिनाभराचं काम सोडत नाही.

माणूस मिळत नाही हे मात्र खरं आहे, आणि त्याची कारणं तुमच्या तालुक्यात आणि आसपासच दिसतात. कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, गोकुळ शिरगाव, शिरोली : तिथं बारमाही काम आहे, महिन्याला ठरलेला पगार आहे. भांगलण चार दिवसांची, पाऊस आला की तीही बंद.

मजूर आणि धान्य हा वाद कोल्हापूरला नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं काढली आणि त्याच वेळी दुष्काळी कामंही सुरू केली. पोटात अन्न असलेला माणूस कामाला येतो, हे धरूनच ती व्यवस्था केली होती. आजच्या धोरणाकडून आमची अपेक्षाही तीच आहे.

प्रश्न : धान्यात गळती होते, काळा बाजार होतो. थेट खात्यावर पैसे दिले तर हे सगळं संपणार नाही का?
(निवृत्त शिक्षक, कोल्हापूर शहर)

उत्तर : हा प्रयोग झालेला आहे, त्यामुळे अंदाजावर बोलायची गरज नाही. चंडीगड आणि पुद्दुचेरीत सप्टेंबर २०१५ पासून धान्याऐवजी पैसे दिले गेले. आपल्या राज्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना जानेवारी २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये मिळू लागले, २०२४ मध्ये ते १७० झाले. कोल्हापूर त्या जिल्ह्यांत नाही. केंद्रानं नेमलेल्या शांताकुमार समितीनंही २०१५ मध्ये रोख रकमेची शिफारस केली होती; पण सोबत लाभार्थी लोकसंख्येच्या ६७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणावेत असंही सुचवलं होतं. रोख रकमेची बाजू मांडताना ही दुसरी शिफारस सहसा सांगितली जात नाही.

१७० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. आज साधा गहू ३२ आणि साधा तांदूळ ४२ धरला, तर ३ किलो गहू आणि २ किलो तांदळाला १८० लागतात. आज फरक दहाचा. भाव वाढले की तो वाढतो, रक्कम मात्र शासन निर्णय निघेपर्यंत जागची हलत नाही. धान्याचं तसं नाही, बाजार कुठेही गेला तरी ५ किलो हे ५ किलोच राहतं. शिवाय गगनबावडा किंवा चंदगडच्या वाडीवरच्या बाईला पैसे काढायला बँकेपर्यंत एसटीचं भाडं आणि एक रोज मोडावा लागतो. रेशन दुकान गावात आहे.

तरी रोख रक्कम सरसकट नाकारावी असं आम्ही म्हणणार नाही. इचलकरंजीत एकटा राहून खानावळीत जेवणारा मागकामगार ५ किलो धान्य नेऊन करणार काय? त्याला पैसे हवे असतील तर मिळावेत, पण निवड त्याची असावी आणि रक्कम आपोआप वाढणारी असावी. त्यासाठीचं सूत्र सरकारकडे तयार आहे. धान्य पुरवता आलं नाही तर लाभार्थ्याला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा, असं कायद्याचं कलम ८ सांगतं. २०१५ च्या नियमांत त्याचा दर हमीभावाच्या सव्वापट वजा रेशनचा भाव असा ठरवला आहे. २०२५-२६ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. सव्वापट केले की किलोला ३० रुपये ३१ पैसे, आणि धान्य मोफत असल्यानं वजा काहीच नाही. हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, म्हणजे रक्कमही दरवर्षी बदलेल. रोख योजनेला हेच सूत्र बांधून द्यावं, आणि त्यासाठी नवीन समितीची गरज नाही.

प्रश्न : मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून दोन महिने परत पाठवलं.
(चप्पल कारागीर, कोल्हापूर शहर)

उत्तर : चामडं, चुना, सिमेंट, भट्टी या कामांत बोटांच्या रेषा झिजतात. अंगठाच हवा असं काही नाही, दहा बोटांपैकी कुठलंही चालतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, बोट दाबून न धरता सपाट ठेवा. तरी जमलं नाही तर डोळ्याची बुबुळं तपासणारं यंत्र किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. घरातल्या कुणाही एकाच्या बोटावर पूर्ण कुटुंबाचं धान्य मिळतं, त्यामुळे पुढच्या वेळी दुसरं कुणी जाऊन पाहा. आधार जुळत नाही एवढ्याच कारणानं धान्य नाकारू नये, अशी केंद्राची २४ ऑक्टोबर २०१७ ची सूचना आहे. दुकानदार परत पाठवत असेल तर ती तारीख सांगा.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, ही मात्र वेगळी गोष्ट, ती घरातल्या प्रत्येकाची स्वतंत्र करावी लागते. दुकानात बोट लागत नसेल तर 'मेरा ई-केवायसी' अॅपवर चेहऱ्यानं होते. मूल पाच वर्षांचं झालं की वर्षाच्या आत त्याची करून घ्या, आणि त्याआधी आधार केंद्रात त्याचे ठसे द्या, नाहीतर मशीन त्याला ओळखणारच नाही.

प्रश्न : पाच माणसांचं धान्य घरी मोजलं तर बावीस किलो भरतं. दुकानदार म्हणतो, वरूनच कमी येतं.
(गृहिणी, करवीर तालुका)

उत्तर : तुमचा हक्क २५ किलोचा आहे. पिवळं अंत्योदय कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. गहू-तांदळाचं प्रमाण महिन्यागणिक बदलतं, एकूण वजन बदलत नाही. पावती मागा, मशीनमधून निघते, तिच्यावर किलो छापलेले असतात. पावतीवर २५ आणि पिशवीत २२ असेल तर तक्रार पक्की होते. वजनकाट्यावर रिकाम्या पिशवीसह शून्य दिसल्याशिवाय धान्य ओतू देऊ नका. पावतीचा फोटो काढून १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, आणि तोच क्रमांक घालून तहसील कार्यालयातल्या पुरवठा निरीक्षकांना अर्ज द्या.

दुकानदाराचं म्हणणं तपासून पाहण्यासारखं आहे. ५० किलोच्या तागाच्या पोत्याचं बारदानच ५८० ग्रॅमचं असतं. गोदामात पोत्यासकट वजन धरलं तर १०० पोत्यांमागे ५८ किलो धान्य कागदावरच राहतं. दुकानदाराचं कमिशन क्विंटलला १५० रुपये होतं, २०२५ मध्ये १७० झालं. हजार युनिटांच्या दुकानात महिन्याला ५० क्विंटल, म्हणजे ८,५०० रुपये. त्यातून गाळ्याचं भाडं, वीजबिल, हमाली आणि मदतनीस. एवढ्यावर दुकान चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तूट कुठून भरून निघते हे तुमच्या पिशवीत दिसतं. तुमचे तीन किलो त्यानं द्यायलाच हवेत. पण नुसत्या धाडी घालून गळती थांबणार नाही. गोदामाच्या दारात बारदान वजा करून वजन आणि दुकान चालेल एवढं कमिशन, हे दोन्ही करावं लागेल.

प्रश्न : आमच्या रानात बीडची ऊसतोड टोळी उतरली आहे. त्यांना इथल्या दुकानात धान्य मिळेल का?
(वाचक, शिरोळ तालुका)

उत्तर : मिळतं. राज्यातलं कार्ड राज्यातल्या कुठल्याही दुकानात चालतं. बारा अंकी नंबर किंवा आधार आणि बोट पुरे. विजापूरकडच्या टोळीलाही 'एक देश, एक रेशन कार्ड' खाली केंद्राचे माणशी ५ किलो मिळतात, कर्नाटक सरकार वरून देतं ते जादा इथे नाही.

अडतं ते तीन ठिकाणी. गावाकडे म्हाताऱ्या माणसांनी त्या महिन्याचं सगळं धान्य उचललं तर इथे शिल्लक शून्य दिसते; म्हणून तिथे किती आणि इथे किती उचलायचं ते फोनवर आधी ठरवून घ्यावं, थोडं-थोडं उचलता येतं. दुसरं, दुकानाचा कोटा त्याच्या स्वतःच्या कार्डांवर येतो, त्यामुळे महिन्याच्या शेवटी गेलं तर साठा संपलेला असतो. पहिल्या आठवड्यात जावं. तिसरं म्हणजे ई-केवायसी अपुरी असणं. सहा महिने एकदाही धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद करून चौकशी लावण्याची तरतूद २०२५ मध्ये आली आहे, त्यामुळे हंगामात इथे उचललेलं धान्य त्यांचं कार्डही जिवंत ठेवतं. टोळीच्या मुकादमाला हे सांगा, आणि पहिल्या वेळी तुम्ही स्वतः दुकानापर्यंत सोबत जा. परगावच्या माणसाला "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणून परतवणं सोपं असतं.

प्रश्न : सुनेचं नाव चढत नाही.
(वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : माहेरच्या कार्डावर तिचं आधार अजून आहे, म्हणून. आधी माहेरच्या तालुक्यात नाव कमी करून दाखला घ्या, मगच इथे अर्ज करा. नाव चढलं म्हणजे धान्यही लगेच वाढेल असं नाही. पहिल्या उत्तरातला इष्टांक इथेही आड येतो.

प्रश्न : महापुरात कार्ड वाहून गेलं.
(वाचक, चिखली)

उत्तर : नोंद ऑनलाइन आहे, कागद गेल्यानं हक्क जात नाही. बारा अंकी नंबर दुकानदाराकडे मिळेल. त्यावरून ई-शिधापत्रिका मोफत काढता येते. तिच्यावर क्यूआर कोड असतो.

प्रश्न : रेशनवर ज्वारी आणि नाचणी का नाही?
(वाचक, राधानगरी तालुका)

उत्तर : कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्य आहेच. अडचण खरेदीची आहे. नाचणीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, पण गावाजवळ खरेदी केंद्र नसेल तर डोंगरातला शेतकरी दोन-तीन पोती घेऊन व्यापाऱ्याकडेच जातो. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड इथे खरेदी होऊन तिथल्याच दुकानांत वाटप झालं, तर वाहतूकही वाचेल. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावानं करा.

प्रश्न : मुलाला नोकरी लागली, आता आम्हाला धान्याची गरज नाही. पण कार्ड सोडलं तर दवाखान्याची योजनाही जाईल अशी भीती वाटते.
(वाचक, कोल्हापूर शहर)

उत्तर : धान्य सोडणं आणि कार्ड सोडणं वेगळं आहे. 'अन्न सुरक्षा योजनेतून बाहेर पडणे' असा अर्ज पुरवठा शाखेत द्या. कार्ड उत्पन्नाप्रमाणे केशरी किंवा शुभ्र होऊन तुमच्याकडेच राहतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या शासन निर्णयानं सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू केली आहे, त्यामुळे उपचारांवर परिणाम होत नाही. अर्जात घरातल्या सगळ्यांची नावं लिहा. एकाचंच नाव लिहिलं तर बाकीची युनिटं चालूच राहतात. दोन महिन्यांनी दुकानदाराकडून ऑनलाइन नोंद पाहून घ्या. ती बदलली नसेल तर तुमच्या नावानं धान्य दुकानात येत राहतं आणि इष्टांकातल्या तुमच्या जागा अडलेल्याच राहतात.